मेलेल्याचं काम

...आन् वर मलाच इचारत्यात, "अप्पा, तुमच्या पाठीत कळ कावून आली?" अरे, कावून आली म्हणजे? पन्नाशी उलटलेल्या किराणा दुकानदाराला तुमी मंगल कार्यालयाच्या फरशीवर लोळाय लावता, ह्या भितीपसून त्या भितीपतूर, आन् मंग इचारता कळ कावून? लोळायचं तर लोळायचं, पर कसं? तर म्हणं, "अप्पा, आता तुम्ही एक बी आहात. मातीत पडलेलं बी. हळूहळू उगवा." आता मी नेकनूरचा माणूस हो! मला आधी हे तर सांगा, बी कशाचं? तुरीचं का कापसाचं? का नुसतं गाजरगवत? उगवायची तऱ्हा येगळी आसती का न्हाई? शिकवणाऱ्या मॅडम म्हणल्या, "कसलंही." झालं! कसलंही बी उगवून दाखवलं मी तुमाला सांगतो, आन् बाजूला आमचा धुळाजी काय म्हणतो, "अप्पा, तुमी बी न्हाई, पोतं दिसाय लागलाव." सगळे हसले! उगवलो तर हसले, पडलो तर हसले, नुसता पाठ धरून बसलो तरी हसले. हेच, हेच माजं दुखणं हाय! पाठीचं काय घेऊन बसलाव, पाठ शेकली की बरी व्हती.

बसा, निवांत बसा, पयल्यापसून सांगतो. मी मन्मथ. नेकनूरला ष्टँडच्या रस्त्याला आपलं दुकान हाय. दिवसा तेल-साखर तोलायची, आन् जत्रा आली की भारुडाच्या पार्टीत सोंग काढायचं. सासूचं सोंग, हवालदाराचं सोंग, ज्योतिषाचं सोंग. धुळाजी हलगी वाजवतो, छबुबाई गाती, आन् मी... मी नुसता आलो की लोक हसत्यात. बोललो बी न्हाई अजून! फकस्त आलो, बघितलं, की खो खो खो! कपिलधारच्या यात्रेत एक म्हातारं माज्याकडं बघून एवढं हसलं, एवढं हसलं, की त्याची कवळी पडली, आन् ती शोधायला म्हणून मी खाली वाकलो तर बाकीचे हसाय लागले. लोक म्हणत्यात, काय नशिबाचा माणूस! नशीब? ऐका मंग.

बाप गेला माजा. आमी लिंगायत. माणूस गेल्यावर आमच्यात गणाराधना आसती, स्वामी येत्यात, पूजा व्हती, गाव जेवतं. तवा कुणीतरी म्हणलं, अप्पा, वडलांबद्दल दोन शब्द बोला. हुबा राहिलो. नाक व्हायलंय, व्हट थरथर करायलेत. "माजा बाप..." एवढंच म्हणलं, आन् समोरच्या पंगतीतला एकजण फिस्सकन हसला की ओ! त्याच्या बाजूचा हसला. मंग त्याच्या बाजूचा. वाढणारा हसला, त्याच्या हातातली डाळ सांडली. त्यांना वाटलं, अप्पानं सोंग काढलं! आन् मी खरंच रडत व्हतो हो. बाप गेला व्हता माजा, बाप! लई लागलं ते. लई म्हणजे लई. खाली बसलो, डोळे पुसले, तर त्यावर बी हसले. त्या दिवसापसून तुमाला सांगतो, एकच इच्छा धरली मनात... एकदा तरी लोकांनी रडावं हो माज्याकडं बघून!

मंग एक दिवस धुळाजी पळत आला दुकानात. "अप्पा, शिबिर हाय! पुण्याच्या योगिता मॅडम येणार! सर्वशैली कलाकार प्रशिक्षण!" म्हणलं, म्हंजे काय बे? म्हणला, "म्हंजे एकाच कलाकाराला सगळं आलं पायजे. निस्तं भारूड येऊन भागत न्हाई आता. मुक्यानं नाटक करता आलं पायजे, परदेशी नाच आला पायजे, हुबं राहून एकट्यानं इनोद सांगता आला पायजे, शोकांतिका आली पायजे..." थांब म्हणलं. ती शेवटची कोणती? म्हणला, "शोकांतिका. म्हंजे लोक रडत्यात ते." तुमाला सांगतो, हातातली तागडी तशीच लटकत राहिली. म्हणलं, घाल बे माजं नाव!

घरी सांगितलं तर आमची शिवकन्या, बायको माजी, ती तांदूळ निवडत म्हणती कशी, "लोकांला रडवायचं शिकाय शिबिर कशाला पायजे? मला इचारा की. लगीन झाल्यापसून रडायचा सराव हाय मला." दुकान तिच्या गळ्यात घातलं आन् गेलो.

तर मॅडम. बाई लई चांगली, खरं सांगतो, उगं नावं ठिवणार न्हाई. बारकीशी, केस आखूड, पायात चप्पल न्हाई, आन् दिवसभर पाय जमिनीला टेकत न्हाईत. पयल्याच दिवशी म्हणल्या, "कलाकारानं कुठल्याही भांड्यात मावलं पाहिजे." मी म्हणलं, मॅडम, मावायचं मला नका सांगू, पाच किलोच्या डब्यात सहा किलो पोहे बसवतो मी! हसल्या. बघा! पुण्याची, शिकलेली, एवढी नाटकं केलेली बाई, ती बी हसली. मनात म्हणलं, मन्मथ, अवघड हाय तुजं.

मंग सुरू झालं. आधी मुक्याचं नाटक. समोर भीत हाय आसं समजायचं, आन् ती भीत हातानं चाचपायची, पर भीत नसती, आन् बोलायचं न्हाई. सगळ्यांनी चाचपली. मी बी चाचपली. चांगली चाचपली. आता नवी भीत म्हणल्यावर चुना वला आसणारच ना? मी दोन्ही हात धोतराला पुसले. हसले! मॅडम टाळ्या वाजवत "वा, अप्पा, वा! काय तपशील!" म्हणं, आन् त्या बी हसायल्यात. म्हणलं मॅडम, तुमी हसू नका हो, तुमच्यावर तर भरवसा ठिवून आलो मी! तर मॅडम म्हणत्यात, "अप्पा, मूकनाट्य आहे, बोलू नका." मंग मुक्यानं रागावलो. तर त्यावर जास्तच हसले.

दुसऱ्या दिवशी परदेशी नाच. एकमेकाच्या अंगावर भार टाकायचा, डोळे झाकून मागं पडायचं आन् मागच्यानं धरायचं. "विश्वास ठेवा! जोडीदारावर विश्वास ठेवा!" माजा जोडीदार कोण? धुळाजी! हलगीच्या काठीएवढा माणूस. मी इश्वास ठिवला. त्याचा बी इश्वास व्हता, त्यात काय खोट न्हाई, पर ताकद नव्हती ना! दोघं बी खाली. ती ही कळ, जी सांगत व्हतो तुमाला, ती थोडी बी उगवण्याची आन् थोडी ह्या इश्वासाची.

आन् आमची छबुबाई? तिला दिलं हुबं राहून एकटीनं इनोद सांगायचं काम. पाच मिनिटं, स्वतःच्या आयुष्यावर, बस्स. छबुबाई आली, पदर खोचला, माईक धरला, आन् आधी गणपतीला नमन. मंग सरस्वतीला. मंग कपिलधारच्या मन्मथस्वामीला, मंग गावच्या मारुतीला, मंग तिच्या माहेरच्या देवीला, मंग स्टेजला, मंग माईकवाल्याला... मॅडम घड्याळ दाखवायल्यात, "छबुबाई, वेळ संपला!" छबुबाई म्हणती, "संपला? अगं माय, अजून सासरचे देव राहिलेत की!" माणसं लोटपोट! पाच मिनिटात एक बी इनोद सांगितला न्हाई बाईनं, आन् पयला नंबर! आन् धुळाजीला तर मॅडमनी शांतता वाजवाय लावली. हां! हलगी मांडीवर घ्यायची आन् वाजवायची न्हाई, आन् लोकांला ती न वाजवल्याली ऐकू आली पायजे. धुळाजी घामाघूम. बोटं वळवळ करायलीत. शेवटी रडकुंडीला येऊन इचारतो, "मॅडम, शांतता किती मात्रांची?"

तर आसं सगळ्यांचं काही ना काही चाललं व्हतं, सगळे खूश, मी बी वरून खूश, नाचत व्हतो, लोळत व्हतो, गाणं म्हणत व्हतो, मज्जा येत व्हती, खोटं कशाला बोलू? पर आतून एकच... एकदा तरी लोकांनी रडावं हो माज्याकडं बघून! शेवटी दुपारच्या चहाला मॅडमला गाठलं. कप हातात धरून सगळं सांगून टाकलं. बापाचं, गणाराधनेचं, पंगतीचं, सगळं. मॅडम ह्या खेपेला हसल्या न्हाईत. कप खाली ठिवला आन् म्हणल्या, "अप्पा, एक सांगू? राग नाही ना येणार? तुम्ही बोलायच्या आधी लोकांकडे बघता. भुवया वर करता, आणि डोळ्यांनीच विचारता, हसणार ना? आणि लोक काय, तुम्ही विचारलं की हो म्हणतात."

मला आला राग. म्हणलं, मी? मी भुवया वर करतो? आन् तवाच ध्यानात आलं तुमाला सांगतो, की भुवया वरच व्हत्या! आता ही काय आजची खोड हाय का? गिऱ्हाईक आलं की भुवया वर, "काय पायजे?" जत्रेत स्टेजवर गेलं की भुवया वर. बापाच्या वक्ताला बी वर आसतील, मला काय म्हाईत! आतून काळीज फाटलंय आन् वरून तोंड दुकान उघडून बसलंय! म्हणलं, मॅडम, मंग इलाज? मॅडम उठल्या, दोन चकरा मारल्या, आन् म्हणल्या, "डोळे मिटायचे. अप्पा, शेवटच्या दिवशी जी शोकांतिका करतोय ना, त्यात वडलांचं काम तुमचं." मुख्य काम! म्हणलं, वाक्यं किती? म्हणल्या, "एकही नाही. पडदा उघडतो तेव्हा वडील गेलेले असतात."

म्हंजे मला मेलेला ठिवला की ओ!

धुळाजी म्हणला, "अप्पा, सगळ्या शैल्या शिकला आन् शेवटी मढ्याचं काम?" पर मॅडम म्हणल्या हेच सगळ्यात अवघड, आन् ते खरं निघालं. तुमी एकदा मरून बघा. नाक खाजतं! जिवंत असताना कधी खाजत न्हाई, मेल्यावर खाजतं. घरी सराव केला, दुकानात पोत्यावर पडून, तर शिवकन्या माज्यावरून वलांडून गिऱ्हाईकाला गूळ देती आन् वर सांगती, "त्यांच्याकडं बघू नका, त्ये मेलेत." पर शिकलो. श्वास पोटात न घेता वर, गळ्यापाशी, बारीक घ्यायचा. जीभ ढिली सोडायची. आन् मनात म्हणायचं की आपण कुणाकडं बी काय बी मागत न्हाई. हे शेवटचं मॅडमनी शिकवल्यालं. हे लई अवघड गेलं, कारण दुकानदार माणूस.

आन् मंग आला तो दिवस. मंगल कार्यालय भरल्यालं, बायका येगळ्या, पुरुष येगळे, लेकरं स्टेजपशी. आन् पयल्या रांगेत, माजी माय. मल्लम्मा. ऐंशीच्या पुढची हाय, कमरेत वाकली, पर आवाज? आवाज आसा की ष्टँडवर कंडक्टरनं घंटी मारायची गरज न्हाई. शिवकन्या तिला घेऊन आलती. मी पडद्यामागं खाटंवर आडवा. अंगावर पांढरी चादर. उशाला छबुबाई, माजी बायको झाल्याली, तिला बजावल्यालं की हंबरडा फोडायचा न्हाई, आतल्या आत रडायचं. बाजूला धुळाजी, मांडीवर हलगी, शांतता वाजवाय तयार. डोळे झाकले. आता हितून पुढचं मी कानानं बघितल्यालं हाय बरं का, तेवढं ध्यानात ठिवा.

पडदा उघडला. शांत. चिडीचूप! तुमाला सांगतो, आयुष्यात पयल्यांदा मी स्टेजवर आन् कुणी हसलं न्हाई. कुणीच न्हाई! अंगावर काटा आला, तो बी दाबून धरला. म्हणलं मन्मथ, जमतंय, जमतंय लेका, आता रडत्यात, आता नाक वढल्याचा आवाज येईल... आन् आवाज आला.

"ए! त्याला आडवं कावून टाकलंय?"

माय! माजी माय!

"आत्याबाई, गप बसा, नाटक हाय." ही शिवकन्या. "आगं नाटक आसू दी की! मरण खोटं आसंल, रीत खोटी करू नका. आपल्यात बसवत्यात! माज्या लेकाला आसं आडवं टाकत्यात व्हय? काय बेवारस हाय का त्यो?" तर आता हे तुमाला सांगाय पायजे. आमच्यात माणूस गेला की त्याला निजवत न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, कपाळाला विभूती लावत्यात, गळ्यात हार, आन् समोर भजन, आन् तसाच बसल्याला मिरवत नेत्यात. बसूनच मातीत ठिवत्यात. म्हातारीचं चुकलं न्हाई. पर नाटकाचं काय? मी आतून वरडायलोय, माय, गप बस, माय, तुज्या पाया पडतो, पर मेलेला माणूस वरडणार कसा? आहो शिबिरभर हेच तर शिकलो व्हतो!

तेवढ्यात पुरुषांतून खुर्ची सरकल्याचा आवाज. सोमेश्वरअप्पा. आमच्या समाजातले वडीलधारे, मौतीला सगळं तेच बघत्यात. "मल्लम्मा बरोबर बोलती. नेकनूरात आजपतूर कुणाला आडवं ठिवलं न्हाई." आन् चढले स्टेजवर! त्यांच्या मागं आजून चौघं. "धरा रं. तिकडून धरा. वजन हाय अप्पाला." उचललो की ओ मला! आता बसवायचं कुठं? तर स्टेजच्या कडंला एक खुर्ची व्हती, लाल मखमलीची, वर पांढरा टावेल टाकल्याली. प्रमुख पाहुण्याची! तीच आणली मधी, मला तीत मांडी घालून बसवलं, टेकू दिला, कपाळाला विभूती. हार? हार व्हते की, पाहुण्याच्या सत्काराला आणल्याले, ते घातले. सगळेच घातले! शेवंतीच्या पाकळ्या नाकात चालल्यात आन् मी गळ्यापाशी बारीक श्वास घेतोय. आन् सोमेश्वरअप्पानं भजन धरलं. मागनं पुरुषांनी धरलं. मंग बायकांनी. धुळाजीची हलगी, त्या बिचाऱ्यानं कवापसून शांतता धरून ठिवलती, ती एकदम सुटली. आन् छबुबाई! छबुबाईनं फोडला हंबरडा! आतल्या आत जेवढं साठवलं व्हतं तेवढं सगळं भायेर! "धनीऽऽ, कुठं गेलाव वोऽऽ!" मॅडमचं नाटक वाऱ्यावर गेलं, तुमाला सांगतो. माज्या मनात एकच, मॅडम आता मला खरंच मारणार. धुळाजी नंतर सांगत व्हता, मॅडम कडंला हुब्या व्हत्या, आधी डोकं धरलं, आन् मंग दोन्ही हातानं तोंड दाबून बघतच राहिल्या.

आन् आता ऐका. ह्या भजनात, ह्या हंबरड्यात, गाडी थांबल्याचा आवाज. दारं आपटल्याचा आवाज. विजयसिंहदादा आले. आमच्या भागातले पुढारी, तेच त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे. आता पुढाऱ्याचा दिवस कसा आसतो तुमाला म्हाईत हाय. लग्नसराई व्हती. सकाळपसून लग्नं झालती, वास्तुशांती झालती, मधी कुणाच्या तरी सांत्वनाला बी जाऊन आलते. त्या माणसाला कार्यकर्त्यांनी गाडीतून उतरवलं, दारात आणलं, आन् त्यानं समोर बघितलं काय? भजन चाललंय. बाया रडायल्यात. खुर्चीत मन्मथअप्पा, विभूती लावून, हार घालून, डोळे झाकून. आता सांगा, त्याची काय चूक हाय? कुणाला बी काय वाटंल? चप्पल काढल्याचा आवाज आला मला. पायावर हात पडला. थंडगार. आन् माईक.

"बंधू-भगिनींनो... काय बोलावं, समजत नाही... मन्मथअप्पा आज आपल्यात नाहीत..."

कुणी तरी सांगा की ओ त्याला! कोण सांगणार? पुढारी बोलताना मधी कोण बोलणार? आन् आवाज काय लावला व्हता, आहाहा! बारीक, कापरा, वाक्याच्या मधी श्वास तुटतोय. सकाळी त्याच गळ्यानं नवरा-नवरीला आशीर्वाद दिलता! मनात म्हणलं, मॅडम, बघा, बघा, हा खरा सर्वशैली कलाकार! एका दिवसात लगीन, वास्तुशांती, सांत्वन, कुठल्या बी भांड्यात मावतो, आन् एक दिवस शिबिराला आला न्हाई! "कालच अप्पा मला भेटले होते..." कवा भेटलो? वरीस झालं, दुकानावरून गाडी जाती, काच खाली व्हत न्हाई. "कधी मापात मारलं नाही अप्पांनी..." हितं शिवकन्या खोकली. वळखतो मी तिचा खोकला.

पर मंग तो थांबला. आन् तो लावल्याला आवाज गेला. साध्या आवाजात म्हणला, "मी इथं शाळेत होतो. माझी आई गेली त्या साली. मधल्या सुट्टीत अप्पांच्या दुकानापशी जाऊन बसायचो. अप्पा काय विचारायचे नाहीत. नुसतं पदर घेतल्यावानी डोक्यावर फडकं घ्यायचे आन् सासूचं सोंग काढायचे. सगळं गाव मला बिचारा म्हणून बघत होतं. त्या वर्षात मला हसवलं ते ह्या एका माणसानं."

मला आठवत न्हाई हो. खरंच आठवत न्हाई. दुकानापशी किती लेकरं यायची, गूळ-शेंगदाणे मागायची, मी भुवया वर करायचो, ती हसायची, पळायची. त्यातलं एक हे व्हतं, मला काय म्हाईत! पर आतून आसं काही हाललं म्हणता... जल्मभर ज्या हसण्यावर मी चिडत आलो, ते कुणीतरी आसं जपून ठिवलं व्हतं. आन् माज्या डोळ्यातून पाणी आलं. झाकल्याल्या डोळ्यातून! मेलेला माणूस रडाय लागला की ओ! ते गालावरून खाली चाललंय, मला पुसता येईना. छबुबाईनं बघितलं, आन् हंबरडा न थांबवता पदर फिरवला, "धनीऽऽ, तुमाला घाम आला वोऽऽ!" काय बाई हाय! तिला कशाचं शिबिर पायजे?

आन् मंडप? मंडप रडत व्हता! नाकं वढल्याचे आवाज, हुंदके, बायका तर बायका, पुरुष बी! सोमेश्वरअप्पा, ज्यांनी आपल्या हातानं मला बसवलं, ते बी रडायले! माय तर मोठ्यानं, "गुणाचा व्हता गं माजा मन्मथ!" व्हता? आगं माय, समोर बसलोय! मंग दादा म्हणले, दोन मिनिटं उभं राहू. सगळा मंडप उठला. आन् त्या दोन मिनिटात धुळाजीनं शांतता वाजवली, तुमाला सांगतो, आशी वाजवली, मला सगळी ऐकू आली.

एकदा तरी लोकांनी रडावं म्हणत व्हतो ना? रडले! सगळे रडले! आन् मला डोळे उघडून बघायची सोय न्हाई! बापाच्या पंगतीत हसणारा तो पयला माणूस बी व्हता म्हणं तिथं, धुळाजीनं सांगितलं, उपरण्यात तोंड घालून रडत व्हता. मला दिसला का? न्हाई! दादा गेले पुढं बारशाला, पडदा पडला. मी उठून पळालो लोकांसमोर जायला, तर मॅडमनी धरलं. लाल डोळे झालते त्यांचे. "अप्पा, नाही! गेलेला माणूस नमस्काराला जात नाही. परिणाम जातो." म्हणलं, मॅडम, एकदाच, फटीतून! म्हणल्या, न्हाई म्हणजे न्हाई. आन् मला मिठी मारली. प्रमाणपत्र बी मलाच पयलं दिलं.

घरी जाता जाता शिवकन्येला इचारलं, तू रडली का गं? म्हणती, "मी कशाला रडू? नवं धोतर मळवलं म्हणून तेवढं वाईट वाटलं." आन् दुसरीकडं तोंड करून नाक वढलं. वळखतो मी ते बी.

आता झालं एवढ्यावर संपाय पायजे ना? न्हाई! दादाच्या कार्यकर्त्यांनी गाडीतनंच मोबाइलवर टाकलं. माजा सासूच्या सोंगातला फोटू, भवती दिवे, खाली लिवल्यालं, "मन्मथअप्पांना भावपूर्ण श्रद्धांजली." दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर फोनवर फोन! "कवा गेले वो अप्पा?" मी म्हणतो, मीच बोलतोय! "हां, आवाज तसाच हाय, तुमी धाकटे का?" काय करता? आन् तेवढ्यात धारूरची बस आली आन् ष्टँडवरूनच हंबरडा! माजी आक्का. थोरली बहीण, धारूरला दिल्याली. तो फोटू बघून पयल्या बसनं निघाली व्हती. पिशवी एकीकडं, पदर एकीकडं, छाती बडवत, "माजा भाऊ गेला गंऽऽ, मन्मथाऽऽ!" सगळी गल्ली भायेर आली. लोक तिला सांगायलेत, आक्का, आक्का ऐका, पर ती कुणाचं ऐकतीय?

आन् तुमाला खरं सांगतो, मला लई आनंद झाला. पाप लागंल, पर झाला! म्हणलं, मन्मथ, आलं बघ. उघड्या डोळ्यानं बघायला मिळणार. मी दुकानाच्या पायरीवर आलो. मॅडमनं शिकवल्यालं सगळं आठवलं. श्वास बारीक. जीभ ढिली. कुणाकडं काय मागायचं न्हाई. भुवया... भुवया खाली, मन्मथ, खाली! आक्का पायरीपशी आली. डोळ्याला धारा. मान वर केली. माज्याकडं बघितलं...

आन् फिस्सकन हसली की ओ!

हसली म्हणजे कशी? साखरेच्या पोत्यावर बसूनच घेतलं तिनं. डोळ्यातलं पाणी अजून गालावर, आन् हसतीय! गल्ली हसतीय! शिवकन्या आतून हसत चहा घेऊन आली. आन् हसू आवरत, डोळे पुसत, माजी आक्का मला म्हणती कशी, "मन्मथा, बाबा, खरंच जाशील तवा आसा बघू नकोस रं. मौतीला आल्याल्या माणसांनी रडायचं कसं?"

चहा पिलो. तुमाला बी सांगून ठिवतो, इथं बसलाव तेवढे सगळे साक्षीदार. माजी येळ आली की बसवा बरोबर, हार घाला, भजन धरा, काय करायचं ते करा... पर आधी माजे डोळे झाका, आन् मंग लोकांला आत सोडा.